राजा दीनदयाळ आणि आमचा औरंगपुरा

राजा रविवर्मा हे नाव ठाऊक नसलेला मराठी माणूस सापडणे कठीण. परंतु राजा दीनदयाळ हे नाव घेतले, तर आपल्या महाविद्यालयातील दहांपैकी नऊ विद्यार्थी हे कोण, असेच विचारतील. वस्तुतः हे दोघेही एकाच काळातले. दीनदयाळांचा जन्म १८४४ चा, रविवर्म्यांचा १८४८ चा. दीनदयाळांचे निधन १९०५ मध्ये झाले, रविवर्म्यांचे १९०६ मध्ये. एकाने कुंचला हाती घेतला, दुसऱ्याने कॅमेरा. दोघांनाही राजेरजवाड्यांनी डोक्यावर घेतले आणि दोघांच्याही नावामागे राजा ही पदवी लागली. तरीही एकाची चित्रे कॅलेंडरांवरून घराघरांत पोहोचली आणि दुसऱ्याची काचेची पेटाऱ्यांत पडून राहिली.

या थोर पुरुषाविषयी लिहावेसे वाटण्याचे कारण तसे घरगुती आहे. गेली दोन वर्षे मी औरंगपुऱ्यातील रस्त्यांची छायाचित्रे काढतो आहे. तासिका संपली की पैठण गेटपासून गुलमंडीपर्यंत आणि गुलमंडीवरून परत औरंगपुऱ्यापर्यंत फिरायचे व दिसेल ते टिपायचे, असा हा छंद. आपल्या आधी या शहरात कॅमेरा घेऊन कोण आले होते, याचा शोध घेऊ लागलो, तेव्हा जे मोठे नाव पुन्हापुन्हा समोर आले ते दीनदयाळांचे. मग त्यांचे चरित्र वाचावयास घेतले. ते वाचताना मनात जे विचार आले, तेही या लेखात ओघाने आले आहेत. वाचकांनी ते गोड मानून घ्यावेत.

दीनदयाळांचा जन्म उत्तर हिंदुस्थानात मीरतजवळच्या सरधना या गावी एका जैन जवाहिऱ्याच्या घराण्यात झाला. घरात रत्नपारख्यांची परंपरा. हिऱ्याला पैलू कोणत्या अंगाने पाडला म्हणजे त्यात उजेड नीट खेळतो, हे ज्या घरात पिढ्यान् पिढ्या पाहिले जाई, त्या घरातला मुलगा पुढे उजेडाचाच व्यवसाय करील, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनीही नसेल. मुलाने घरचा धंदा न धरता रुरकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश घेतला. १८५७ चा उठाव होऊन तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. इंग्रज सरकारला रस्ते, पूल, कालवे आणि छावण्या बांधावयाच्या होत्या आणि त्यासाठी मोजमाप व नकाशे करणारी देशी माणसे हवी होती. रुरकीचे महाविद्यालय अशी माणसे तयार करी. १८६६ मध्ये शिक्षण आटोपून दीनदयाळ इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. काम होते खर्चाचे अंदाज बांधण्याचे आणि नकाशे काढण्याचे.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. नकाशानवीस माणूस इमारतीकडे पाहतो तो आपल्यासारखा नव्हे. भिंत सरळ उभी आहे की नाही, कमानीचा मध्य कुठे येतो, सावली कोणत्या बाजूस पडते, हे त्याला आधी दिसते. दीनदयाळांची पुढील काळातील राजवाड्यांची आणि मंदिरांची छायाचित्रे पाहिली, तर त्यांत हा नकाशानवीस जागोजागी भेटतो. खांब कुठे कलत नाही, पायऱ्या कुठे तुटत नाहीत, आकाश आणि जमीन यांचा हिशेब चुकत नाही. त्यांचा कॅमेरा उभा राहण्याआधी त्यांच्या मनात नकाशा तयार होत असला पाहिजे.

छायाचित्रणाची विद्या त्यांनी इंदुरात १८७४ च्या सुमारास आत्मसात केली. हिंदुस्थानात ती तेव्हा नवी राहिली नव्हती. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, आणि आपले डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्याशी संबंधित होते. तथापि ही विद्या हौसेची असली तरी सोपी मुळीच नव्हती. आज खिशातून मोबाइल काढून बोट टेकवले की काम झाले. त्या काळी ओल्या काचेची पद्धत होती. स्वच्छ घासलेल्या काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण सारखे पसरावयाचे, ती काच अंधारात रौप्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची आणि ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे. नंतर लगोलग अंधारातच तिच्यावर रासायनिक प्रक्रिया करावयाची. काच वाळली की सारे फुकट. त्यामुळे छायाचित्रकाराला आपली अंधारखोली तंबूच्या रूपाने बरोबर न्यावी लागे. काचांच्या पेट्या, औषधांच्या बाटल्या, पाण्याची भांडी, लाकडी कॅमेरा, तिकाटणे आणि हे सारे वाहणारी माणसे व बैल, असा तो लवाजमा असे. ज्या आकाराचे चित्र हवे त्याच आकाराची काच, कारण चित्र मोठे करून छापण्याची सोय नव्हती. छापण्यासाठी कागदाला अंड्यातील पांढऱ्या बलकाचा थर द्यावा लागे आणि तो उन्हात ठेवून चित्र उमटवावे लागे.

इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी या गुणी नोकरदाराला उत्तेजन दिले. मध्य हिंदुस्थानातील गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डेली यांचाही आश्रय मिळाला. इंदूरचे डेली कॉलेज ज्यांच्या नावाने आजही चालते, तेच हे डेली. १८७५-७६ मध्ये इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, तेव्हा त्यांच्या भेटीची छायाचित्रे घेण्याची संधी दीनदयाळांना लाभली. पुढे डेलींच्या जागी आलेले सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर १८८२-८३ मध्ये ते बुंदेलखंडात आणि आसपासच्या प्रदेशात हिंडले. ग्वाल्हेर, खजुराहो, सांची या ठिकाणच्या वास्तूंची त्यांनी घेतलेली छायाचित्रे ग्रिफिन यांच्या मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध वास्तूंवरील ग्रंथात १८८६ मध्ये प्रसिद्ध झाली. सरकारी कचेरीतील एक नकाशानवीस आता देशभर ओळखला जाऊ लागला. प्रथम लांबलचक रजा आणि मग निवृत्ती घेऊन त्यांनी नोकरीचा निरोप घेतला व छायाचित्रण हाच पूर्णवेळचा व्यवसाय केला. पोटापाण्याची बांधलेली वाट सोडून त्या काळी असा निर्णय घेणे हे धाडसच म्हटले पाहिजे.

व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी त्यांना आपला छायाचित्रकार नेमले. त्याच सुमारास, म्हणजे १८८५ च्या आसपास, हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारात घेतले आणि दीनदयाळांच्या आयुष्याचा सर्वांत वैभवाचा कालखंड सुरू झाला. १८८६ मध्ये त्यांनी सिकंदराबादेत स्टुडिओ काढला. निजामाबरोबर शिकारीला जावे, चौमहल्ला व फलकनुमा या राजवाड्यांतील मेजवान्या टिपाव्यात, पाहुण्या गव्हर्नरांची आणि सरदारांची चित्रे घ्यावीत, असा त्यांचा दिनक्रम झाला. १८९४ मध्ये निजामाने त्यांना राजा मुसव्विर जंग बहादूर हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. चित्रकाराला जंगबहादूर म्हणणे आज आपल्याला गमतीचे वाटेल, पण आसफजाही दरबारातील ती मोठ्या मानाची रीत होती. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कामाचा गौरव झाला, १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडला आणि १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाची सनद मिळाली. ज्ञानचंद आणि धरमचंद हे दोघे पुत्र हाताशी आले आणि राजा दीनदयाळ अँड सन्स ही पेढी नावारूपाला आली. मदतनीस, छपाई करणारे, चित्रांवर रंगकाम करणारे असे अनेक कारागीर तेथे राबत. म्हणून या पेढीच्या नावावर असलेल्या हजारो चित्रांत एका माणसाची नजर आणि अनेकांचे हात आहेत, असे म्हणणे योग्य होईल.

त्यांच्या कल्पकतेचे एक उदाहरण मला फार आवडते. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ सुरू केला आणि त्याची व्यवस्था एका इंग्रज बाईकडे सोपवली. पडद्यातील स्त्रीने परपुरुषासमोर येणे अशक्य, मग तिचे छायाचित्र निघणार कसे? दीनदयाळांनी ही अडचण ओळखली आणि स्त्रियांसाठी स्त्रीच कॅमेऱ्यामागे उभी केली. ज्या बेगमांचे चेहरे घरच्यांखेरीज कोणी पाहिले नव्हते, त्यांना आपला चेहरा कागदावर पाहण्याचे सुख मिळाले. यात व्यापार होता हे खरेच. पण ज्याचे चित्र काढावयाचे त्याचा संकोच आधी समजून घ्यावा, हा विवेकही होता. हा विवेक पुढे आपल्याला पुन्हा आठवावा लागणार आहे.

आता आपल्या शहराकडे वळू. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, तेव्हा निजामाच्या राज्यातील महत्त्वाचे शहर होते. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या नावाने वसवलेल्या या नगराला औरंगजेबाच्या काळात नवे नाव मिळाले आणि भोवती एकेक पुरा उभा राहिला. बेगमपुरा, पदमपुरा, कर्णपुरा, जयसिंगपुरा, तसाच आमचा औरंगपुरा. दीनदयाळांच्या काळात प्रारंभी येथे रेल्वे नव्हती. मुंबईच्या बाजूने येणारा प्रवासी नांदगाव स्टेशनावर उतरे आणि तेथून टांग्याने किंवा बैलगाडीने येई. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग झाला तो १९०० च्या सुमारास. अशा या आडबाजूच्या शहरात दीनदयाळांचा कॅमेरा पोहोचला. निजामाच्या राज्यातील दृश्यांचा १८९२ चा जो संग्रह त्यांच्या पेढीने तयार केला, त्यात आपल्या परिसराला चांगले स्थान मिळाले आहे. बीबी का मकबरा, दौलताबादचा किल्ला, वेरूळची लेणी या साऱ्यांवर त्यांनी काचा खर्ची घातल्या.

ही चित्रे पाहताना अंगावर रोमांच उभे राहतात. मकबऱ्याकडे जाणारा तोच सरळ मार्ग, तेच मिनार; फक्त भोवतालचा गलबला नाही. कुठे एखादा माणूस उभा किंवा बसलेला दिसतो. तो तेथे सहज आलेला नसतो. इमारत किती उंच आहे याचा अंदाज पाहणाऱ्याला यावा, म्हणून मोजपट्टीसारखा त्याला उभा केलेला असे. आणि माझ्यासारख्याचा जीव गुंततो तो नेमका त्या माणसात. तो कोणत्या गल्लीत राहत असेल? त्याला उभे राहण्याचे काय मिळाले असेल? संध्याकाळी घरी जाऊन त्याने बायकोमुलांना काय सांगितले असेल?

मी पाहिलेल्या चित्रांत औरंगपुरा मात्र कुठेही नाही. गुलमंडी नाही, बाजार नाही, भाजीवाली नाही, पाणक्या नाही. मकबरा आहे आणि मकबऱ्याची फरशी झाडणारा नाही. याचे कारण काय असावे, याचा मी बराच विचार केला. पहिले कारण यंत्राचे, असे कोणी म्हणेल. ओल्या काचेला काही सेकंद उजेड द्यावा लागे. तेवढ्या वेळात रस्त्यावरील चालता माणूस धुरासारखा पुसट उमटे, आणि टांगा तर मुळीच उमटत नसे. जुन्या छायाचित्रांतील रस्ते ओसाड दिसतात ते यामुळेच. रस्ते ओसाड नव्हते. थांबला तोच उरला, चालत राहिला तो पुसला गेला. परंतु हे कारण पुरे पडत नाही. १८८० नंतर कोरड्या काचा सर्रास मिळू लागल्या. त्या विकत घेऊन बरोबर नेता येत आणि क्षणाच्या अंशात चित्र घेता येई. दीनदयाळांनी या सुधारणेचा भरपूर लाभ उठवला. दौडणारे घोडे, लष्कराच्या कवायती, हैदराबादेत मोहरममध्ये निघणारी लंगरची मिरवणूक, हे सारे त्यांनी टिपले. ज्याला धावता घोडा पकडता येतो त्याला बसलेली भाजीवाली पकडता येणार नाही, असे कसे म्हणावे?

तेव्हा खरे कारण यंत्राचे नसून गिऱ्हाइकाचे आहे. मकबऱ्याचे चित्र इंग्रज प्रवासी विकत घेई, लेण्यांचे चित्र विलायतेतील विद्वान घेई, मेजवानीचे चित्र मेजवानी देणारा घेई. औरंगपुऱ्यातील भाजीवालीचे चित्र कोण घेणार? ती स्वतः घेऊ शकत नव्हती आणि दुसऱ्या कोणाला ते नको होते. त्याच काळात सातासमुद्रापलीकडे पॅरिस शहरात युजीन आत्जे नावाचा एक फकिरी वृत्तीचा माणूस (जन्म १८५७, मृत्यू १९२७) जुन्या गल्ल्या, दुकानांचे दर्शनी भाग, फेरीवाले, चिंध्या गोळा करणारे यांची छायाचित्रे काढीत हिंडत होता. त्याला ते परवडले, कारण चित्रकार आणि ग्रंथालये त्याची चित्रे थोड्याफार पैशांत विकत घेत. शिवाय जुने पॅरिस पाडले जात होते आणि ते कागदावर तरी राहावे असे काही लोकांना वाटत होते. आमच्या शहराला त्या काळी असे गिऱ्हाईक नव्हते. यात दीनदयाळांना दोष देणे अन्यायाचे होईल. एवढी मोठी पेढी, एवढी माणसे पोसावयाची, तर धनिकांच्या दारी जाणे भागच होते.

असे असले तरी औरंगाबादचा सामान्य माणूस त्यांच्या पेढीच्या चित्रांत एकदा आला. कसा आला, ते सांगताना लेखणी अडखळते.

१८९९ मध्ये पाऊस गेला. उत्तरेकडे विक्रम संवत १९५६ म्हणून ज्याला छप्पनिया म्हणतात, तोच हा दुष्काळ. गुजरात, राजपुताना, मध्य प्रांत, वऱ्हाड, आणि निजामाच्या राज्यात आपला मराठवाडा होरपळून निघाला. १८९१ च्या शिरगणतीत औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८ लाख २९ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे ७ लाख २१ हजार भरली. दहा वर्षांत वाढ होण्याऐवजी लाखाहून अधिक माणसे कमी झाली. त्यांतील काही देशोधडीला लागली असतील, पण किती गावांतील चुली कायमच्या विझल्या असतील, याची कल्पना या आकड्यांवरून करावी. निजाम सरकारने दुष्काळी कामे काढली, आणि ही कामे जगाला दिसावीत म्हणून त्यांची छायाचित्रे घेण्याचे काम दरबारी छायाचित्रकाराच्या पेढीकडे आले. राज्यातील लोकोपयोगी कामांच्या त्या मालिकेत औरंगाबादचे एक चित्र आहे. रांगेने मांडलेली माणसे, पुरुष, बायका, पोरे. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. हातापायांच्या काटक्या झालेल्या. डोळे सरळ कॅमेऱ्यात. चित्राला जे इंग्रजी शीर्षक आहे, त्याचा अर्थ औरंगाबादेतील कृशपणाचे प्रकार, असा होतो.

प्रकार! हा शब्द मला कित्येक दिवस झोपू देईना. दगडांचे प्रकार असतात, धान्याचे प्रकार असतात. त्या काळी इंग्रज सरकार माणसांचेही प्रकार पाडीत होते. हिंदुस्थानातील जातीजमातींची छायाचित्रे असलेला ८ खंडांचा ग्रंथ सरकारने १८६८ ते १८७५ या काळात काढला होता, आणि त्यात माणूस म्हणजे नमुना, एवढीच त्याची ओळख होती. तीच रीत येथे दुष्काळाला लागली. मेजवानीच्या चित्रात कोणत्या खुर्चीवर कोण सरदार बसला आहे, हे आज सांगता येते. शिकारीच्या चित्रात पाहुण्यांची नावे आहेत, तारीख आहे, गाव आहे. १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि त्यांच्या पत्नी वारंगळकडे नेकोंडा येथे शिकारीला आले. मारलेल्या वाघामागे उभे असलेले ते दांपत्य दीनदयाळांच्या सर्वाधिक प्रसिद्ध चित्रांपैकी एकात आहे. वाघाच्या चित्राला नावे मिळाली, आणि दोनच वर्षांपूर्वी उपाशी उभ्या राहिलेल्या आमच्या माणसांना एकही नाव मिळाले नाही. ज्यांनी पडद्यातील बेगमेचा संकोच जाणला, त्यांच्याच पेढीच्या कॅमेऱ्यासमोर या उघड्यावागड्या माणसांच्या संकोचाला जागा उरली नाही.

परंतु एवढ्यावरच निकाल देऊन मोकळे होणे मला पटत नाही. मी उलट बाजूनेही विचार करून पाहिला. ते चित्र घेतलेच गेले नसते तर? शिरगणतीचे आकडे राहिले असते. चेहरे राहिले नसते. मराठवाड्यात त्या साली लोक कसे जगले आणि कसे मेले, हे आज डोळ्यांनी दाखवणारा जो पुरावा आहे, तो दरबाराच्याच पैशाने आणि दरबाराच्या गौरवासाठी तयार झाला. काढवणाऱ्याला दाखवावयाची होती आपली दया. शंभर-सव्वाशे वर्षांनी पाहणाऱ्याला ती दया दिसत नाही, दिसतात ते डोळे. कॅमेऱ्याचे हेच वैशिष्ट्य आहे. चित्रकार नको तेवढे गाळतो. काच मात्र समोर आहे ते सारे घेते, आणि काढणाऱ्याच्या हेतूपलीकडचेही जपून ठेवते. दीनदयाळांचे उपकार मानावयाचे ते यासाठी, आणि त्यांच्याकडून सावध व्हायचे तेही यासाठीच.

दीनदयाळांचे अखेरचे दिवस सुखाचे गेले नाहीत. १९०३ चा दिल्ली दरबार त्यांच्या पेढीने टिपला. तो वैभवाचा शेवटचा मोठा सोहळा ठरला. १९०४ मध्ये पुत्र धरमचंद वारले आणि ५ जुलै १९०५ रोजी मुंबईत स्वतः दीनदयाळांनी इहलोकीची यात्रा संपवली. ज्ञानचंदांनी धंदा पुढे चालवला, पण १९१९ मध्ये तेही गेले. दरम्यान स्वस्त, हाती धरता येणारे कॅमेरे बाजारात आले होते. फिल्मची गुंडाळी घालून कोणीही चित्र काढू शकत होता. दरबार ओसरले, मोठ्या पेढ्यांचे दिवस सरले. काचा मात्र कुटुंबीयांनी सांभाळल्या. त्यांतील २,८५७ काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या, आणि २००६ मध्ये टपाल खात्याने दीनदयाळांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. उशिरा का होईना, देशाने त्यांची आठवण ठेवली.

या चरित्राने माझ्या छंदाला वळण दिले, ते असे. पूर्वी औरंगपुऱ्यात मी इमारतींच्या मागे असे. जुना वाडा, नक्षीदार लाकडी खांब, कोनाडा, कोरलेली चौकट दिसली की माणसे बाजूला होण्याची वाट पाहत उभा राही. वाडे टिपले पाहिजेत यात शंका नाही. ते एकेक करून पाडले जात आहेत आणि त्यांच्या जागी काचा लावलेली दुकाने येत आहेत. पण आता मी माणसांची वाट पाहतो. सकाळी मेथी-चुक्याच्या जुड्या बांधणाऱ्या बायका, जिल्हा परिषदेच्या कामासाठी तालुक्यांतून आलेली व हातातील कागद पुन्हापुन्हा उलगडून पाहणारी म्हातारी माणसे, जूनमध्ये जुन्या पुस्तकांसाठी घासाघीस करणारी पोरे, दुपारच्या उन्हात हातगाड्याखालीच अंग टाकणारा केळीवाला, एकाच वाक्यात मराठीतून उर्दूत आणि उर्दूतून मराठीत जाणारे दुकानदार. आमचा औरंगपुरा म्हणजे ही माणसे.

भाजी विकणाऱ्या एका मावशींचे चित्र घेऊ का म्हणून मी विचारले, तेव्हा त्यांनी आधी मला मी कोणाचा, कुठे शिकतो, हे विचारून घेतले. मग म्हणाल्या की मोबाइलमध्ये काढून नेणारे पुष्कळ येतात, पण दाखवावयास परत कोणी येत नाही. कागदावर काढून आणणार असशील तर काढ. मी चित्र छापून नेऊन दिले. त्यांनी ते हात पदराला पुसून घेतले, शेजारच्या दोघींना दाखवले आणि गल्ल्याच्या डब्यात नोटांखाली घडी न करता ठेवले. त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो. विचारल्याशिवाय कोणाचे जवळून चित्र घ्यायचे नाही, घेतले तर एक प्रत त्यांना द्यायची, आणि त्यांची इच्छा असेल तर वहीत चित्राच्या क्रमांकासमोर त्यांचे नाव, गाव, धंदा आणि तारीख लिहून ठेवायची. नाव द्यायचे नाही म्हणणारेही भेटतात. तो त्यांचा अधिकार आहे. तेथे मी तारीख आणि जागा तेवढी लिहितो. आजवर वहीत एकशे चाळीस नोंदी झाल्या आहेत. प्रकार म्हणून एकही नोंद नाही.

माझ्या विद्यार्थी मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे. आज प्रत्येकाच्या हाती कॅमेरा आहे, आणि तो दीनदयाळांच्या कॅमेऱ्याहून शंभरपट चपळ आहे. आपल्याला निजामाचा आश्रय नको, इंग्रज गिऱ्हाईक नको, बैलगाडीवरून अंधारखोली न्यायला नको. जे दीनदयाळांना परवडणारे नव्हते ते आपल्याला फुकटात करता येण्यासारखे आहे. सुट्टीत आपापल्या गावी जाल, तेव्हा मंदिराचा कळस आणि वेशीचा बुरूज जरूर टिपा. पण वेशीत बसणारा माणूसही टिपा आणि त्याच्या संमतीने चित्राखाली त्याचे नाव लिहा. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने अशा चित्रांसाठी एक कपाट दिले, तर दहा-वीस वर्षांत या शहराचा आणि या जिल्ह्याचा मोठा ठेवा तेथे जमेल. तो पाहावयास शंभर वर्षांनी जो कोणी येईल, त्याला आपल्या माणसांची नावे शोधत बसावे लागू नये.

राजा दीनदयाळ हे थोर कलावंत होते. सरधन्यातून निघालेल्या एका नकाशानवीसाने नजरेच्या आणि मेहनतीच्या बळावर साऱ्या हिंदुस्थानचा चेहरा काचेवर उतरवला. त्यांनी आमचा मकबरा जपला, वेरूळ जपले, आणि आमच्या पूर्वजांचे सर्वांत वाईट दिवसही जपून ठेवले. औरंगपुऱ्याचा रस्ता तेवढा त्यांनी आमच्यासाठी सोडला. त्यांच्या स्मृतीला वंदन करून हा लेख येथेच पुरा करतो.